जाड-बारीक रेषांचे देखणे फॉन्ट: पत्रिकेवर शोभतात, मग पाटीवर का फसतात?

लग्नसराई सुरू झाली की नांदेड-लातूरकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पत्रिकांचा पाऊस पडतो. त्यातली एखादी पत्रिका लगेच नजरेत भरते. वर वधू-वरांची इंग्रजी आद्याक्षरं, त्यांच्या उभ्या रेषा ठसठशीत आणि आडव्या रेषा केसाइतक्या बारीक. सोनेरी रंग, भरपूर मोकळी जागा. बघताच वाटतं, खर्च केलाय बुवा!

मग नजर खाली मराठी मजकुराकडे जाते. कार्यस्थळ ‘बिलोली’ आहे की ‘विलोली’, हे फोटो बोटांनी मोठा केल्याशिवाय कळत नाही.

ज्या बारीक रेघेमुळे अक्षर देखणं दिसतं, तीच रेघ सगळ्यात आधी पुसली जाते. इंग्रजीत ती गेली तरी वाचणारा अंदाज बांधतो. मराठीत मात्र अनेकदा त्या एका रेघेवर अख्खं अक्षर अवलंबून असतं. हे फॉन्ट नेमके काय असतात, आले कुठून आणि मराठीत ते कुठे वापरावेत, हे समजून घेऊया.

हा फॉन्ट ओळखायचा कसा?

दोन खुणा लक्षात ठेवा. पहिली खूण, जाड आणि बारीक रेषांमधला मोठा फरक. साध्या फॉन्टमध्ये सगळ्या रेषा जवळपास सारख्या जाडीच्या असतात. इथे मात्र एकाच अक्षरात एक रेघ खांबासारखी, तर दुसरी दोऱ्यासारखी असते.

दुसरी खूण म्हणजे सेरिफ. इंग्रजी अक्षराच्या टोकांना जी छोटी आडवी रेघ किंवा पाय असतो, त्याला सेरिफ म्हणतात. या प्रकारच्या फॉन्टमध्ये हे पायही अगदी पातळ आणि सरळ असतात.

‘व्होग’ किंवा ‘हार्पर्स बझार’ या फॅशन मासिकांचं मुखपृष्ठावरचं नाव आठवा. तेच हे वळण. दागिने, अत्तर, साड्या, लग्न अशा ठिकाणी ते सारखं दिसतं. त्यामुळे ते पाहिलं की आपल्या मनात आपोआप ‘महागडं’ आणि ‘खास’ असे शब्द येतात. हा अर्थ अक्षरात जन्मजात नाही, वर्षानुवर्षं एकाच प्रकारच्या वस्तूंवर पाहून आपल्याला त्याची सवय झाली आहे.

आला कुठून?

गोष्ट अठराव्या शतकातल्या युरोपातली. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या जॉन बास्करव्हिल यांनी १७५७ मध्ये रोमन कवी व्हर्जिलच्या काव्याची आवृत्ती छापली. त्यासाठी त्यांनी अक्षरांसोबत शाई आणि कागदावरही मेहनत घेतली. कागद गुळगुळीत झाला आणि बारीक रेघही त्यावर स्वच्छ उमटू लागली.

इटलीतल्या पार्मा शहरात जांबातिस्ता बोदोनी (१७४० ते १८१३) आणि पॅरिसमध्ये दिदो घराणं यांनी पुढचं पाऊल टाकलं. त्यांनी जाड-बारीकचा फरक टोकाला नेला. दिदो आणि बोदोनी या दोन नावांवरूनच या वळणाला पुढे ‘दिदोन’ असं नाव पडलं.

त्या काळी प्रत्येक आकाराचे खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, वेगवेगळे घडवावे लागत. त्यामुळे लहान आकाराच्या अक्षरात बारीक रेघ थोडी जाड ठेवण्याची सोय होती. आज संगणकावर एकच आकृती लहान-मोठी होते. मोठ्या मथळ्यासाठी काढलेलं अक्षर आपण लहान मजकुराला वापरतो, तेव्हा जाड रेघेबरोबर बारीक रेघही तितकीच आक्रसते. म्हणूनच ‘प्लेफेअर डिस्प्ले’सारख्या लोकप्रिय फॉन्टच्या नावातच ‘डिस्प्ले’ आहे. हे अक्षर मोठ्या आकारात वापरा, असा त्याचा अर्थ.

देवनागरीला सेरिफ असतं का?

इंग्रजी अर्थानं नसतं. अनेकांना शिरोरेषा म्हणजेच सेरिफ वाटतं, पण तसं नाही. शिरोरेषा हा आपल्या अक्षराचा आणि शब्दाचा भाग आहे, टोकाला जोडलेली सजावट नव्हे.

जाड-बारीकपणा मात्र देवनागरीत जुनाच आहे आणि तो बोरूतून आला. बोरूचं टोक तिरकं कापलेलं असतं. एका दिशेनं ओढला की जाड रेघ येते, दुसऱ्या दिशेनं ओढला की बारीक. इंग्रजीचा रुंद टोकाचा टाक आणि देवनागरीचा बोरू यांचा तिरकेपणा एकमेकांच्या उलट. त्यामुळे गोलाई कुठे जाड आणि कुठे बारीक होणार, हेही दोन्ही लिप्यांमध्ये उलट येतं.

आणखी एक मोठा फरक आहे. बोदोनीचा नियम सोपा आहे: उभी रेघ जाड, आडवी बारीक. बोरूनं लिहिलेल्या देवनागरीत उभा काना आणि आडवी शिरोरेषा दोन्ही भरीव येतात, बारीकपणा वळणांमध्ये आणि जोडांमध्ये लपलेला असतो. आता बोदोनीचा नियम जसाच्या तसा मराठीला लावला तर काय होईल? शिरोरेषाच केसासारखी होईल. शब्द बांधून ठेवणारी दोरीच कच्ची पडेल आणि काने वेगवेगळ्या काठ्यांसारखे उभे दिसतील.

म्हणून चांगला मराठी फॉन्ट काढणारा इंग्रजीची नक्कल करत नाही. बारीक रेघ कुठे चालेल आणि कुठे नाही, हे तो बोरूला विचारून ठरवतो.

मराठी डोळ्यांना हे वळण कुणी दिलं?

छापील मराठीच्या इतिहासात इथे जावजी दादाजी (१८३९ ते १८९२) यांचं नाव घ्यावं लागतं. गरिबीत वाढलेले जावजी मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यात लहानपणीच कामाला लागले आणि खिळ्यांचं काम शिकले. पुढे त्यांनी स्वतःचा टाईप ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये ‘निर्णयसागर’ छापखाना सुरू केला. अक्षरांचे मूळ ठसे कोरण्यात राणोजी रावजी आरू यांची त्यांना साथ होती.

निर्णयसागरचं अक्षर बोरूचं वळण सांभाळणारं आणि तरीही रेखीव होतं. जाड-बारीक स्पष्ट, पण बारीक रेघ छपाईत टिकेल इतकी. संस्कृत ग्रंथ, पोथ्या, पंचांगं यांतून ते घरोघरी पोचलं. आजही ‘जुन्या पुस्तकासारखं सुंदर अक्षर’ म्हटलं की अनेकांच्या डोळ्यांसमोर नकळत तेच येतं.

मराठवाड्यात तर आणखी एक लिपी सोबतीला होती. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. उर्दूचं नस्तालिक वळणही कलमातूनच आलेलं आणि जाड-बारीक रेषांचंच. नांदेडला गुरुद्वाऱ्यामुळे गुरुमुखी अक्षरंही रोजच्या नजरेतली. जाड-बारीक अक्षराची ओळख आपल्याकडे मासिकांच्या मुखपृष्ठांच्या कितीतरी आधीची आहे.

एक रेघ गेली की काय होतं?

आता मुख्य मुद्दा. मराठीत काही अक्षरांच्या जोड्या अशा आहेत की त्यांच्यातला फरक एका रेघेचा, एका गाठीचा किंवा एका फटीचा असतो.

व आणि ब: ‘ब’च्या पोटातली रेघ गेली की त्याचा ‘व’ होतो. बिलोलीची विलोली, बिरादारांचं विरादार.

प आणि ष: ‘ष’ला आपण पोटफोड्या ष म्हणतो, कारण त्याच्या पोटातून तिरकी रेघ जाते. ती पुसली की ‘संतोष’चा ‘संतोप’ होतो.

म आणि भ: इथे गाठ आणि शिरोरेषेतली छोटी फट महत्त्वाची. शाई पसरून फट बुजली की ‘भोकर’चं ‘मोकर’ दिसतं.

घ आणि ध: पुन्हा तीच फट, तीच गाठ. ‘कंधार’ आणि ‘धर्माबाद’ ही नावं बारीक अक्षरात छापून पाहा, लगेच कळेल.

याशिवाय अनुस्वार आणि रफार आहेतच. ‘नांदेड’वरचा टिंब गेला की ‘नादेड’. ‘अर्धापूर’वरचा रफार गेला की ‘अधापूर’. खास मराठीतला ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ लिहिताना येणारा आडवा अर्धा र (‘सुऱ्या’, ‘कुऱ्हाड’) तर दिसायलाच नाजूक. एकट्या ‘सुभाष’ या नावात ‘भ’ आणि ‘ष’ अशी दोन धोक्याची अक्षरं आहेत. दोन्ही बिघडली की ‘सुमाप’!

गावाचं नाव माहितीचं असेल तर वाचणारा सावरून घेतो. पण आडनाव, औषधाचं नाव, परीक्षा केंद्राचा पत्ता इथे अंदाज चालत नाही. कागदपत्रांतल्या नावात एका अक्षराचा फरक पडला की प्रतिज्ञापत्रासाठी किती खेटे घालावे लागतात, हे ज्यांनी घातले आहेत त्यांना सांगायला नको.

‘ल’ लातूरचा, पण कोणता?

देखणा फॉन्ट निवडताना मराठीत आणखी एक गोष्ट तपासावी लागते. ‘लातूर’ टाईप करा आणि पहिलं अक्षर नीट पाहा. दोन पाकळ्या कान्याला चिकटलेला आपला पाकळीयुक्त ‘ल’ आहे, की हिंदी पुस्तकांत दिसतो तो? तसंच ‘श’चं. नोव्हेंबर २०२२ मध्ये राज्याच्या मराठी भाषा विभागानं काढलेल्या निर्णयात पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ ही रूपं वापरायला सांगितली आहेत.

गंमत अशी की यूनिकोडमध्ये दोन्ही ‘ल’ना क्रमांक एकच आहे. कोणतं रूप दिसणार, हे फॉन्ट ठरवतो. अनेक फॉन्ट हिंदी डोळ्यासमोर ठेवून बनलेले असतात, त्यामुळे त्यांत न सांगता हिंदी वळण येतं. वाचायला अडचण येत नाही, पण ‘हे काहीतरी आपलं वाटत नाही’ असं का वाटतं, त्याचं कारण बऱ्याचदा हेच असतं.

टेम्प्लेटमध्ये मराठी टाकलं की सगळं साधं का होतं?

हा अनुभव बहुतेकांचा असेल. पोस्ट बनवायच्या अ‍ॅपमध्ये सुंदर टेम्प्लेट निवडलं. इंग्रजी मथळा पुसून मराठी लिहिलं आणि सगळी शोभाच गेली.

कारण साधं आहे. त्या देखण्या इंग्रजी फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरंच नसतात. ‘प्लेफेअर डिस्प्ले’मध्येही ती नाहीत. मग फोन किंवा अ‍ॅप स्वतःजवळचा एखादा साधा मराठी फॉन्ट तिथे आणून बसवतं. तुमचं काही चुकलेलं नसतं, फक्त फॉन्ट बदललेला असतो. उपाय एकच, मराठी अक्षरं असलेला त्याच प्रकृतीचा फॉन्ट स्वतः निवडा.

छापखान्यातल्या फॉन्टची गोष्ट थोडी वेगळी. अनेक डीटीपीवाले अजूनही श्री-लिपीसारखे जुने, यूनिकोडआधीचे फॉन्ट वापरतात. त्यांच्यात सजावटीची वळणं भरपूर आहेत. पण तो मजकूर कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला की भलतीच चिन्हं दिसतात. म्हणून अशा मजकुराचं चित्र किंवा पीडीएफच मागून घ्यावं.

कुठे वापरावा?

पत्रिकेवरची वधू-वरांची नावं, पुस्तकाचं मुखपृष्ठ, दिवाळी अंकाचा मथळा, सराफाची किंवा पैठणीची जाहिरात, कवितेच्या पोस्टचं शीर्षक. थोडक्यात, शब्द मोजके, आकार मोठा, कागद किंवा स्क्रीन चांगली आणि वाचणाऱ्याला घाई नाही, अशा जागी.

या अक्षराला मोकळी जागा लागते. चार बाजूंनी फुलं, गणपती, चौकट आणि त्यात हे अक्षर कोंबलं की बारीक रेघ नक्षीत हरवते.

कुठे टाळावा?

पत्रिकेतला पत्ता, मुहूर्त आणि निमंत्रकांची यादी. इथे अक्षर लहान असतं आणि माहिती महत्त्वाची.

वर्तमानपत्रातली छोटी जाहिरात. हा कागद शाई शोषतो, शाई पसरते आणि गाठी-फटी बुजतात.

गडद रंगावर पांढरं बारीक अक्षर. आजूबाजूची शाई आत सरकते आणि पांढरी रेघ गिळून टाकते.

सोनेरी फॉइलची छपाई. अगदी बारीक रेघेवर फॉइल सलग बसत नाही, मध्ये तुटते. मुद्रकाला आधी नमुना काढून दाखवायला सांगा.

मागून दिवा असलेली पाटी आणि कापलेली अ‍ॅक्रिलिकची अक्षरं. मागचा उजेड बारीक काळ्या रेघेला खाऊन टाकतो. आणि अ‍ॅक्रिलिकचा दोऱ्यासारखा भाग कापतानाच मोडायची भीती असते.

पाटीचा छोटा हिशेब

लातूरच्या गंजगोलाईत उभे राहा. गोल बाजार, चहूबाजूंनी येऊन मिळणारे १६ रस्ते, गर्दी, हॉर्न. पाटी वाचायला माणसाला एक-दोन क्षणच मिळतात.

समजा, पाटीवरचं अक्षर १ फूट उंच आहे आणि त्यातली बारीक रेघ उंचीच्या चाळिसाव्या हिश्श्याची आहे. म्हणजे ती साधारण साडेसात मिलिमीटर भरली. निरोगी डोळ्याला ३५ मीटरवरून साधारण १ सेंटिमीटरचा तपशील वेगळा ओळखता येतो. त्याहून बारीक रेघ फिकट होत जाते. म्हणजे रस्त्यापलीकडून अक्षराचे जाड खांब दिसतील, पण ‘ब’ आणि ‘व’मधला फरक दिसेलच याची खात्री नाही. धूळ बसली किंवा रंग उडाला की तेवढंही नाही.

याला कायद्याचीही एक बाजू आहे. २०२२ मधल्या दुरुस्तीनंतर राज्यातल्या दुकानांची पाटी मराठीत, देवनागरी लिपीत असणं आणि मराठी अक्षर इतर लिपीपेक्षा लहान नसणं बंधनकारक झालं. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पाट्या बदलायला दोन महिन्यांची मुदत दिली होती. त्यानंतर अनेक पाट्यांवर मराठी अक्षराचा आकार वाढला. पण आकार फुटपट्टीनं मोजता येतो, वाचनीयता येत नाही. इंग्रजी नाव ठसठशीत आणि शेजारी तितक्याच उंचीचं मराठी नाव दोऱ्यासारखं असेल, तर मराठी पाटीवर असूनही वाचणाऱ्यापर्यंत पोचत नाही.

मराठीसाठी कोणते फॉन्ट पाहावेत?

खालचे फॉन्ट मोफत मिळतात.

रोझा वन: अहमदाबादच्या इंडियन टाईप फाउंड्रीचा. जाड-बारीकचा फरक अतिशय टोकाचा, देवनागरी आणि इंग्रजी दोन्ही अक्षरं एकाच प्रकृतीची. फक्त मोठ्या मथळ्यासाठी.

टिरो देवनागरी मराठी: बोरूचं पारंपरिक वळण, मराठी रूपांसह. त्याचे हिंदी आणि संस्कृतसाठी वेगळे भाऊ आहेत, म्हणून घेताना नावातला ‘मराठी’ शब्द तपासा. शीर्षकाला आणि सलग मजकुरालाही चालतो.

यशोमुद्रा: राज्य मराठी विकास संस्थेनं मराठीसाठी करवून घेतलेला. पुस्तकी मजकुरासाठी चांगला.

शोभिका: आयआयटी मुंबईचा. संस्कृत आणि जुन्या ग्रंथांतली अवघड जोडाक्षरं लागत असतील तर उपयोगी.

मुक्त: एक टाईप या मुंबईच्या संस्थेचा. हा देखणेपणाचा दावा न करणारा, सारख्या जाडीच्या रेषांचा फॉन्ट आहे. पत्ता, तारीख, फोन नंबर यांसाठी वरच्या कुठल्याही फॉन्टशी त्याची जोडी जमते.

पाठवण्याआधी पाच गोष्टी तपासा

१. ‘सुभाष, बिलोली, अर्धापूर, कंधार, भोकर, कुऱ्हाड, लातूर’ एवढे शब्द त्या फॉन्टमध्ये लिहून पाहा. यात धोक्याची बहुतेक अक्षरं येतात.

२. डिझाईन संगणकावर मोठं करून पाहू नका. जिथे वाचलं जाणार आहे त्याच आकारात, म्हणजे फोनवर किंवा कागदाच्या प्रिंटवर पाहा.

३. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला की चित्राची प्रत घटते आणि बारीक रेषा धूसर होतात. डॉक्युमेंट म्हणून किंवा पीडीएफ पाठवा.

४. बारीक दिसतंय म्हणून अ‍ॅपमधलं ‘बोल्ड’ दाबू नका. फॉन्टमध्ये मुळात जाड रूप नसेल तर अ‍ॅप सगळीकडून सारखीच जाडी चढवतं आणि ‘भ’, ‘ध’च्या गाठी बुजतात. त्यापेक्षा वेगळा फॉन्ट घ्या.

५. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला चष्मा लावून मोठ्यानं वाचायला सांगा. त्यांना नाव, गाव आणि मुहूर्त न अडखळता वाचता आला, तर पत्रिका छापायला द्या.

नावं देखण्या अक्षरात असू द्या, पत्ता साध्या अक्षरात ठेवा. कौतुक वरच्या अक्षराचं होईल, पाहुणे मात्र खालच्या अक्षरावरूनच मांडवात पोचतील.